जुन्या कृषी महाविद्यालयाच्या अध्यक्षाचं दप्तर कसं वाचायचं

एकोणिसाव्या शतकातल्या कृषी महाविद्यालयाच्या अध्यक्षाचे कागद म्हटले की बियाणं, खत, गाईगुरं असं काहीतरी हाती लागेल असं वाटतं. तेही असतंच. पण गठ्ठा उघडला की आधी दिसतात पैशांसाठी केलेल्या विनवण्या, इमारतींवरून झालेले वाद, विश्वस्तांशी चाललेली ओढाताण आणि मधेच घरच्या माणसांना लिहिलेली पत्रं. नवखा माणूस इथंच बिचकतो. यातलं काय वाचायचं, काय सोडायचं आणि कशावर विश्वास ठेवायचा?

ज्यांनी अजून अभिलेखागाराची पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रबंधाची तयारी करणारे विद्यार्थी, कृषी शिक्षणाच्या इतिहासाची आवड असलेले निवृत्त प्राध्यापक, किंवा अमेरिकेत नोकरीला असलेले आणि शनिवार-रविवार विद्यापीठाच्या ग्रंथालयात घालवू शकणारे आपले लोक, कुणालाही तो चालेल. उदाहरण म्हणून एकच माणूस घेतो: विल्यम स्मिथ क्लार्क, मॅसॅच्युसेट्स अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेजचा अध्यक्ष. आज त्या संस्थेला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ, अ‍ॅमहर्स्ट म्हणतात. क्लार्क निवडण्याचं कारण असं की त्याचे कागद दोन खंडांत विखुरलेले आहेत, दोन भाषांत आहेत आणि त्याच्याभोवती दंतकथांचं दाट जाळं आहे. शिकायला यापेक्षा चांगलं दप्तर सापडणं कठीण.

खोका मागवण्याआधी आयुष्याचा तक्ता करा

अभिलेखागारात जायच्या आधी घरीच एक तारीखवार तक्ता तयार करा. त्याशिवाय कागद बोलत नाहीत.

क्लार्कचा तक्ता साधारण असा होईल. १८२६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅशफील्ड गावी जन्म. १८४८ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजची पदवी. १८५२ मध्ये जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठाची डॉक्टरेट. विषय उल्कापाषाणांचं रसायन. मग त्याच अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात प्राध्यापकी. अमेरिकेच्या यादवी युद्धात एकविसाव्या मॅसॅच्युसेट्स पायदळात अधिकारी, पुढं कर्नल. १८६७ मध्ये कृषी महाविद्यालयाचं अध्यक्षपद. १८७६-७७ मध्ये जपानला, साप्पोरोत नवं कृषी महाविद्यालय उभं करायला. १८७९ मध्ये अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर खाणींचा धंदा, १८८२ मध्ये त्याचं दिवाळं, आणि ९ मार्च १८८६ रोजी मृत्यू.

शेजारी आणखी एक रकाना ठेवा आणि त्यात आपल्याला ओळखीच्या घटना लिहा. क्लार्क वारल्यावर दोनच दिवसांनी, ११ मार्च १८८६ ला, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण अशी एक खूण मनात असली की काळ चटकन डोळ्यांसमोर उभा राहतो.

तक्त्यात एक खाचखळगाही नोंदवून ठेवा. क्लार्कला बरेच जण त्या कॉलेजचा पहिला अध्यक्ष म्हणतात, पण कागदोपत्री तो तिसरा. आधी हेन्री फ्लॅग फ्रेंच आणि मग पॉल चॅडबोर्न होऊन गेले. त्या दोघांच्या कारकिर्दीत वर्ग भरलेच नाहीत. विद्यार्थी आले ते १८६७ च्या ऑक्टोबरात, क्लार्क असताना. म्हणून इमारती कुठं बांधायच्या यावरचे सुरुवातीचे वाद तुम्हाला क्लार्कच्या नावाखाली सापडणार नाहीत. ते फ्रेंचच्या काळात शोधायचे. जुन्या संस्थांच्या बाबतीत 'पहिला' हा शब्द दिसला की आधी दोन नावं मागं जाऊन बघावं.

मग कायदा वाचा, पैशाचा माग काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फळ हीच देते.

अमेरिकेतली ही महाविद्यालयं २ जुलै १८६२ च्या मॉरिल कायद्यातून उभी राहिली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सिनेटर आणि प्रतिनिधीमागं ३०,००० एकर या हिशेबानं प्रत्येक राज्याला सरकारी जमीन, किंवा जमिनीचे विक्रीयोग्य रोखे मिळाले. मॅसॅच्युसेट्सचे दोन सिनेटर आणि दहा प्रतिनिधी, म्हणजे एकूण ३,६०,००० एकर. आता मॅसॅच्युसेट्समध्ये एवढी मोकळी सरकारी जमीन कुठली असायला? ती होती दूर पश्चिमेला, तिथल्या मूळ रहिवाशांकडून करारांनी किंवा जबरदस्तीनं घेतलेली. राज्यानं रोखे विकले, त्यातून निधी उभा केला आणि त्याच्या उत्पन्नाचा तीन दशांश हिस्सा कृषी महाविद्यालयाला न देता बॉस्टनच्या तंत्रविद्या संस्थेला दिला. तीच आजची एमआयटी.

हे माहीत असलं की अध्यक्षाच्या पत्रातलं रडगाणं कळतं. दरवर्षी विधिमंडळापुढं हात का पसरायचे, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात भाषणं कशासाठी ठोकायची, वार्षिक अहवालात पिकांच्या जोडीला विद्यार्थ्यांच्या शिस्तीचं कौतुक का करायचं, या सगळ्याचं मूळ निधीत आहे. शिस्तीचंच घ्या. मॉरिल कायद्यानं शेती आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी कवायतीचं शिक्षणही सांगितलं होतं. म्हणून कृषी महाविद्यालयाच्या दप्तरात बंदुका आणि गणवेशांचे कागद निघाले तर चुकीचा खोका आला असं समजू नका. हीच कवायत क्लार्कबरोबर साप्पोरोला पोचली. तिथला प्रसिद्ध घड्याळाचा मनोरा बघायला पर्यटक गर्दी करतात. ती इमारत १८७८ मध्ये महाविद्यालयाचं कवायतगृह म्हणून बांधलेली आहे.

कागद कुठं आहेत? कचेऱ्यांच्या मागं जा

नवखे लोक माणसाच्या नावानं शोध घेतात. कागद साठवले जातात ते कचेरीच्या हिशेबानं. म्हणून तुमच्या माणसानं कुठल्या कुठल्या कचेरीत काम केलं, कुणाला हिशेब दिला, याची यादी करा आणि एकेका कचेरीच्या मागावर निघा.

क्लार्कसाठी पहिलं ठिकाण उघड आहे: मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस ग्रंथालयातला विशेष संग्रह आणि विद्यापीठ अभिलेखागार. प्रवासाचं तिकीट काढायच्या आधी त्यांचं 'क्रेडो' हे डिजिटल भांडार बघा. दुसरं ठिकाण त्याच गावातलं, पण वेगळ्या संस्थेचं: अ‍ॅमहर्स्ट कॉलेज. तिथं तो आधी विद्यार्थी होता आणि मग प्राध्यापक. गाव एकच असल्यामुळं या दोन संस्थांची गल्लत फार होते. तिसरं, यादवी युद्धातल्या नोकरीच्या नोंदी. त्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधायच्या. चौथं, बॉस्टनमधलं राज्याचं अभिलेखागार, कारण कॉलेजचे विश्वस्त राज्याला उत्तरदायी होते. पाचवं ठिकाण साप्पोरोतलं होक्काइदो विद्यापीठ, म्हणजे क्लार्कनं सुरू केलेल्या महाविद्यालयाचं आजचं रूप.

आणि सासुरवाडीचे कागद विसरू नका. क्लार्कची बायको हॅरिएट ही हवाई बेटांवरचे मिशनरी विल्यम रिचर्ड्स यांची मुलगी. तिचं मधलं नाव 'केओपुओलानी', हवाईच्या राणीवरून ठेवलेलं. पुढं ईस्टहॅम्प्टनच्या सॅम्युअल विलिस्टन या बटणांच्या कारखानदारानं तिला दत्तक घेतलं. म्हणजे एका लग्नामुळं हवाईच्या मिशनऱ्यांची कागदपत्रं आणि विलिस्टन घराण्याची कागदपत्रं असे दोन धागे जोडले गेले. पुरुषांच्या दप्तरात बायकांची पत्रं बहुधा 'कौटुंबिक' अशा शिक्क्याखाली मागं पडलेली असतात. ती आधी मागवा. घरात पैसा किती होता, तब्येत कशी होती आणि माणूस खरोखर कुठं होता, हे तिथंच कळतं.

संग्रहसूची शेवटापासून वाचा

प्रत्येक चांगल्या अभिलेखागाराकडं संग्रहाची वर्णनात्मक सूची असते. त्यात माणसाचा छोटा परिचय, संग्रहात काय आहे त्याचं वर्णन आणि मग खोका आणि फोल्डरनिहाय यादी. बहुतेक जण परिचय वाचतात आणि यादीवरून घाईघाईत नजर फिरवतात. तुम्ही उलट करा. आधी तळाशी दिलेली माहिती बघा: कागद कुणी दिले, केव्हा दिले, काही अटी आहेत का. मग यादी. परिचय सगळ्यात शेवटी, कारण तो दुसऱ्या कुणीतरी काढलेला निष्कर्ष आहे.

यादी वाचताना तीन खुणा करत जा. एक, मूळ कागद कुठले आणि छायाप्रती किंवा टंकलिखित नकला कुठल्या. प्रसिद्ध माणसाच्या संग्रहात पुढच्या पिढ्यांनी गोळा केलेल्या नकला हमखास मिसळलेल्या असतात, आणि नक्कल करणाऱ्यानं 'नको ते' गाळलेलं असू शकतं. दोन, आलेली पत्रं आणि गेलेली पत्रं. माणसाकडं सहसा आलेली पत्रं उरतात; त्यानं लिहिलेली पत्रं समोरच्याच्या दप्तरात असतात. क्लार्कनं जपानच्या अधिकाऱ्यांना काय लिहिलं हे अ‍ॅमहर्स्टमध्ये अर्धंच कळेल, उरलेलं साप्पोरोत. तीन, संग्रहाच्या वर्षांतल्या मोकळ्या जागा. कुठल्या वर्षांचे फोल्डर जाड आहेत आणि कुठं एकदम पातळ, ते लिहून ठेवा. त्याकडं पुढं येऊच.

अभिलेखपालाला पत्र

लांबलचक लिहू नका. तुम्ही कोण, काय शोधताय, कुठल्या वर्षांतलं, सूचीतले कुठले खोके आणि फोल्डर हवेत, केव्हा येणार, आणि येता येणार नसेल तर किती पानांच्या स्कॅन प्रती लागतील, एवढं पुरे. 'क्लार्कबद्दल सगळं पाठवा' असं लिहिलंत तर उत्तर सौजन्यानं येईल, पण उपयोगाचं असणार नाही. '१८७६ च्या मे ते १८७७ च्या जुलै या काळातली घरी लिहिलेली पत्रं बघायची आहेत' असं लिहिलंत तर अभिलेखपाल बहुतेक वेळा तुम्हाला माहीत नसलेला आणखी एखादा फोल्डरही सुचवतात. त्यांना प्रश्न विचारायला लाजू नका. त्या खोलीत संग्रहाची सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते.

वाचनकक्षातले नियम जगभर साधारण सारखेच. पिशवी बाहेर. पेन नाही, फक्त शिसपेन्सिल. एका वेळी एक खोका, त्यातला एकच फोल्डर उघडा, आणि कागदांचा क्रम जसा आहे तसाच ठेवायचा, तो चुकीचा वाटला तरी. पांढरे हातमोजे सिनेमात शोभतात. साध्या कागदासाठी स्वच्छ, कोरडे हात जास्त बरे, कारण मोज्यांमुळं बोटांची जाण जाते आणि पान फाटतं. छायाचित्रांना मात्र मोजे लागतात. मोबाइलनं फोटो काढायला बऱ्याच ठिकाणी परवानगी असते, फ्लॅश बंद ठेवून. प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो फोल्डरच्या नावाच्या पट्टीचा काढा. घरी परतल्यावर चारशे सारखीच दिसणारी पिवळी पानं समोर असतात, तेव्हा त्या एका फोटोची किंमत कळते.

अक्षर लागायला वेळ लागतो

एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर पहिल्या दिवशी वाचता येत नाही. मोडी शिकलेल्यांना यातली युक्ती ठाऊक असेल: आधी मायना आणि शेवट वाचायचा. ते ठरावीक असतात, त्यामुळं लेखक 'आर' कसा काढतो, 'एस' कसा वळवतो हे तिथं पकडता येतं. तीच अक्षरं मग मजकुरात ओळखायची.

तारखांचं एक वळण लक्षात ठेवा. व्यवहाराच्या पत्रांत आकड्यापुढं 'इन्स्ट' असेल तर चालू महिना, 'अल्ट' असेल तर मागचा, 'प्रॉक्स' असेल तर पुढचा. आपल्या जुन्या पत्रांतल्या 'माहे मजकूर'सारखीच ही सोय. ३ मेच्या पत्रात 'तुमचं २८ अल्टचं पत्र पोचलं' असं असेल तर ते २८ एप्रिलचं. हे न कळल्यामुळं पत्रांची साखळी उलटीपालटी लावलेली मी छापील लेखांतही पाहिली आहे.

आणखी एक वस्तू तुमच्या हाती येऊ शकते: प्रतवही. टंकलेखन यंत्र कचेऱ्यांत रुळायच्या आधी पाठवलेल्या पत्राची नक्कल ठेवायची ती अशी. पत्र खास शाईनं लिहायचं, ते प्रतवहीच्या ओलसर केलेल्या पातळ पानाला लावायचं आणि वही लोखंडी दाबयंत्रात घालून स्क्रू पिळायचा. शाई त्या पानावर उतरते, अर्थात उलटी. पान मात्र पतंगाच्या कागदासारखं पातळ असतं, म्हणून दुसऱ्या बाजूनं बघितलं की अक्षरं सुलट दिसतात. अशी वही समोर आली की वाचता येत नसलेल्या पानामागं एक कोरा पांढरा कागद सरकवा; पलीकडच्या पानाची शाई झाकली जाते आणि ओळी उठून दिसतात. मात्र आधी विचारून घ्या, आणि पान उलटताना कोपरा न ओढता खालून तळवा घालून उचला. वहीच्या सुरुवातीला बहुधा नावांची अनुक्रमणिका असते. तिचा फोटो सगळ्यात आधी.

जपानची बाजू वाचताना

जपानी येत नसलं तरी घाबरू नका. क्लार्कच्या महाविद्यालयात शिकवणं इंग्रजीतून होत असे आणि १८७७ चा पहिला वार्षिक अहवाल इंग्रजीतच छापला आहे. तो डिजिटल भांडारांत मोफत वाचायला मिळतो. शोधताना जुनी नावं वापरा. होक्काइदोसाठी 'येसो' किंवा 'येझो', टोकियोसाठी 'टोकेई', आणि ज्या वसाहत खात्यानं क्लार्कला नेमलं त्याचं नाव 'काइताकुशी'. खात्याचा प्रमुख कुरोदा कियोताका. महाविद्यालयाचा जपानी संचालक झुशो हिरोताके, ज्याचं नाव जुन्या इंग्रजी कागदांत 'ड्झुशो' असं दिसतं. क्लार्क इंग्रजीत स्वतःला अध्यक्ष म्हणवून घेत असला तरी कारभाराचे बरेच कागद संचालकाच्या आणि खात्याच्या दप्तरात जातात.

जपानी कागदांत वर्ष मेइजी सम्राटाच्या राजवटीच्या सालात दिलेलं असतं. त्याचं गणित सोपं आहे: मेइजी सालात १८६७ मिळवा. मेइजी ९ म्हणजे १८७६. जपाननं १८७३ च्या जानेवारीपासून पाश्चात्य दिनदर्शिका स्वीकारली, त्यामुळं क्लार्कच्या काळातल्या तारखा थेट जुळतात. त्याआधीच्या कागदांना मात्र आपल्या तिथीसारखं रूपांतर करावं लागतं.

अहवाल ही जाहिरात असते, तरीही वाचा

कॉलेजचे छापील वार्षिक अहवाल विधिमंडळासाठी लिहिलेले असतात. त्यांत सगळं आलबेल असतं आणि शेवटी पैसे मागितलेले असतात. पण परिशिष्टं सोडू नका. तिथं खरा माल असतो.

क्लार्कचा गाजलेला भोपळ्याचा प्रयोग असाच छापील कागदांत राहिला. वाढणाऱ्या वनस्पतीत किती जोर असतो हे मोजण्यासाठी त्यानं कॉलेजच्या डर्फी काचगृहात एक भोपळा वाढवला, वाढत्या फळाभोवती लोखंडी पट्ट्यांचा साज चढवला आणि वर तरफ ठेवून वजनं टांगली. भोपळा वाढत गेला, वजनं वाढवत नेली, आणि शेवटी भार ५,००० पौंडांपर्यंत पोचला. म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त. पिंजऱ्यात अडकून वेडावाकडा झालेल्या त्या भोपळ्याचं चित्रही छापलं गेलं. लोक बघायला येत. आता अभ्यासक म्हणून तुमचा प्रश्न काय असायला हवा? प्रयोग खरा की खोटा, हा नव्हे. आकडे तारखेनिशी दिलेले आहेत. प्रश्न असा की निधीसाठी धडपडणाऱ्या कॉलेजला त्या वर्षी असा प्रयोग का हवा होता, आणि त्याची बातमी कुठं कुठं पोचली. त्यासाठी अहवालाशेजारी वर्तमानपत्रं ठेवावी लागतात. मॅसॅच्युसेट्सच्या त्या भागासाठी 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन' आणि 'हॅम्पशायर गॅझेट' ही दोन पत्रं आधी बघा.

दंतकथेला तारीख विचारा

'मुलांनो, महत्त्वाकांक्षी व्हा' हे क्लार्कचं वाक्य जपानमध्ये शाळकरी पोरांनाही पाठ असतं. १६ एप्रिल १८७७ ला साप्पोरोजवळच्या शिमामात्सु इथं विद्यार्थ्यांचा निरोप घेताना, घोड्यावरून, त्यानं ते उच्चारलं अशी आख्यायिका. साप्पोरोत १९७६ मध्ये उभारलेला हात पुढं केलेला त्याचा पुतळा याच वाक्यासाठी प्रसिद्ध आहे.

कागद काय सांगतात? हे वाक्य छापून आलं ते प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी, विद्यार्थ्यांच्या वर्तुळातल्या आठवणींतून. एका पाठात त्याला 'या म्हाताऱ्यासारखे' अशी शेपटी आहे. पैसा नको, कीर्ती नको असं सांगणारं लांबलचक उपदेशपर रूप त्याहून नंतरचं. यावरून वाक्य खोटं ठरत नाही. पण टिपण करताना घटना केव्हाची, नोंद केव्हाची, लिहिणारा तिथं होता का, हे तीन रकाने वेगळे ठेवायचे. मला विचाराल तर शेपटीवालं रूप जास्त खरं वाटतं. पन्नाशीच्या कर्नलनं पोरांसमोर स्वतःवर थोडा विनोद केला असेल, उपदेश कमी.

दुसरी आख्यायिका आपल्याला जवळची: क्लार्कनं वसतिगृहात भात बंद केला, अपवाद फक्त करी-राइसचा. होक्काइदोत ही गोष्ट चवीनं सांगतात. पण क्लार्कनं तसा नियम केला असं दाखवणारा त्याच्या आठ महिन्यांतला कागद पुढं आलेला नाही. सरावासाठी ही छान गोष्ट आहे. भोजनगृहाचे हिशेब, मसाल्यांच्या खरेदीच्या नोंदी, वसतिगृहाचे नियम, प्रत्येकाची तारीख बघायची आणि १६ एप्रिल १८७७ च्या अलीकडची की पलीकडची ते ठरवायचं.

याउलट मार्च १८७७ चा 'येशूवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा करार' हा पक्का कागद. क्लार्कनं तो इंग्रजीत लिहिला, विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. पुढच्या तुकडीतल्या उचिमुरा कान्झो आणि नितोबे इनाझो यांनीही सही केली. हे दोघं आधुनिक जपानच्या विचारविश्वातली मोठी नावं. मात्र ते आले तेव्हा क्लार्क परतलेला होता. 'क्लार्कचे विद्यार्थी' अशी त्यांची ओळख बऱ्याच ठिकाणी छापलेली दिसते. प्रवेशाची तारीख बघितली की ती गळून पडते.

जिथं कागद पातळ होतात

आता सूचीवर केलेल्या त्या खुणांकडं वळा. राजीनाम्यानंतर क्लार्क आधी जेम्स वुडरफ या उद्योजकाच्या योजनेत गुंतला: जहाजावर कॉलेज भरवून जगप्रदक्षिणा करायची. १८७९ मध्ये वुडरफ वारला आणि बेत बुडाला. मग जॉन बॉथवेल नावाच्या भागीदाराबरोबर क्लार्कनं पश्चिमेकडच्या चांदीच्या खाणींची पेढी काढली. १८८२ मध्ये ती कोसळली. अ‍ॅमहर्स्टमधल्या मित्रांचे आणि नातेवाइकांचे पैसे त्यात अडकले होते. ज्याच्या नावावर लोकांनी विश्वास टाकला तो त्यांचा अध्यक्ष, कर्नल, शेजारी होता.

अशा काळात घरचे कागद कमी उरतात, आणि कुणी जाळलेच असतील असं लगेच समजू नये. अडचणीतला माणूस लिहितोच कमी. मग बाहेरून जायचं: कंपनीच्या नोंदणीचे कागद, न्यायालयातले दावे, जमिनीच्या गहाणखतांच्या काउंटी नोंदी, खाण उद्योगाची वर्तमानपत्रं. जपानी बाजूच्या गौरवग्रंथांत ही चार वर्षं दोन ओळींत उरकलेली असतात. माझा अनुभव असा की माणूस कळतो तो इथंच, म्हणून वेळ कमी असेल तर भोपळा सोडा, पण ही वर्षं सोडू नका.

हीच पद्धत इकडं

अमेरिकेतल्या अशा कॉलेजांत आपली माणसंही शिकली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगनच्या आणि वॉशिंग्टन राज्याच्या कृषी महाविद्यालयांत होते, पुढं मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. त्यांच्यासारख्या विद्यार्थ्याचा शोध घेताना अध्यक्षाचा पत्रव्यवहार दुय्यम. आधी नावनोंदणीची रजिस्टरं, वार्षिक माहितीपुस्तिका, विद्यार्थ्यांची नियतकालिकं आणि पदवी प्रबंधांची यादी बघा. नावाच्या स्पेलिंगचे पाच-सहा पर्याय आधीच लिहून न्या.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांच्यावर काम करायचं असेल तर कचेऱ्यांची यादी अशी निघते: कॉलेज, मुंबई इलाख्याचं शेती खातं, आणि लंडनचं इंडिया ऑफिस, ज्याचे कागद आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र पुराभिलेखागार हे पहिलं ठिकाण. मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. ती वाचून मग खात्याचे त्या वर्षांचे वार्षिक अहवाल मागवलेत तर कामाची सुरुवात चांगली होते. जाताना ओळखपत्र, फोटो आणि संस्थेचं शिफारसपत्र बरोबर ठेवा, आणि फायली निघायला वेळ लागतो हे धरून सकाळी लवकर मागणीपत्र भरा.

टिपण करताना प्रत्येक कागदापाशी संस्था, संग्रहाचं नाव, खोका, फोल्डर, पत्राची तारीख आणि तुम्ही पाहिलेली प्रत मूळ की नक्कल, हे त्याच दिवशी लिहा. प्रकाशित करायचं असेल तर कागद ज्यांच्याकडं आहे त्यांची परवानगी आणि मजकुराचा हक्क ज्यांच्याकडं आहे त्यांची परवानगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठली लागेल ते अभिलेखपालांना पहिल्याच पत्रात विचारून ठेवलेलं बरं.